घोटून घेतलेली उत्तरं

चिमणी, खुर्ची, दूध, सायकल, टोपी. या पाच शब्दांचा वैजयंतीबाईंना आता वीट आला होता. सात रस्ता चौकातल्या अ‍ॅक्युपंक्चरच्या दवाखान्यात डॉक्टर ज्ञानदा बाईंच्या नवऱ्याच्या, सयाजीरावांच्या, डोक्याला सुया लावण्याआधी हे शब्द सांगायच्या आणि सुया काढल्या की परत विचारायच्या. आधीच्याशी ताडून बघता यावं म्हणून दर वेळी शब्द तेच.

अर्धांगाच्या झटक्यानंतर सयाजीरावांचा हात सुधारला, पण डोक्यात काही टिकेना. कप विसळून होत नाही तोवर पुन्हा चहा मागायचे. एसटी चालवायचा तेव्हा हाच माणूस टेंभुर्णीपर्यंतचा एकेक खड्डा ओळखायचा!

"सुयांनी सगळ्यांनाच गुण येतो असं नाही," डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "उत्तरं बघून पुढचं ठरवू."

इथंच बाईंची खोड आडवी आली. उभा जन्म मोहोळच्या शाळेत शिकवण्यात गेलेला. तपासणीला साहेब येणार म्हटलं की आदल्या दिवशी पोरांकडून उत्तरं घोटून घ्यायची. नवरा डॉक्टरांपुढे गप्प बसला की बाईंनाच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग घरी, जेवताना, रिक्षात घोकंपट्टी सुरू झाली. "अहो, दुधानंतर काय? लक्ष कुठं असतं तुमचं!"

आज सयाजीरावांनी पाचही शब्द धडाधड म्हणून दाखवले. डॉक्टर खूश.

"छान सुधारणा आहे. आता सुया बंद करू. काकांना थोडं एकट्यानं बाहेर जाऊ द्या."

एकट्यानं? परवाच ते आपल्याच गल्लीत घर शोधत उभे होते.

"मी पाठ करून घेतलंय त्यांच्याकडून," बाई फटकन बोलल्या. राग नेमका कुणावर होता, त्यांनाही कळेना. "सुयांनी गुण आला का नाही, मला काय ठाऊक!"

"मग मलाही ठाऊक नाही, बाई. आजवरचं सगळं वाया गेलं." ज्ञानदा वैतागल्याच होत्या. तरी आवाज मऊ करून त्या सयाजीरावांकडे वळल्या. "काका, तुम्हीच सांगा. तुम्हाला स्वतःला बरं वाटतंय का?"

सयाजीराव घाबरेघुबरे होऊन बायकोकडे वाकले.

"अगं, ह्ये न्हाय शिकवलंस की. काय म्हनू?"