तबकडीसमोरची केळ

नाबुकेन्याने राउटरची वायर उपटली, तीसपर्यंत मोजलं आणि पुन्हा खोचली. दिवा हिरवा झाला. तिचा श्वास सुटतोय तोवर लाल.

अडीच वाजले होते. तीनला नैरोबीहून मुलाखत. नर्सिंगची शिष्यवृत्ती, एकच जागा.

“बंद करून चालू केलंस?” छपरावर इंटरनेटची तबकडी बसवून गेलेल्या सेम्वांगाने फोनवर विचारलं.

“सात वेळा, दादा! आता काय पाया पडू त्याच्या?”

“तबकडीला समोरचा टॉवर दिसायला हवा. मध्ये काही आलंय का बघ.”

ती अंगणात धावली. टॉवर तर दिसत होता. तेवढ्यात वारा सुटला, केळीची रुंद पानं तबकडीवर झुकली, टॉवर गडप. वारा पडला, टॉवर परत.

तिने कोयता उचलला.

“ठेव तो,” मटोकेची हिरवी केळी सोलत बसलेली आत्या म्हणाली.

“दोनच पानं, आत्या!”

“एकही नाही. तू जन्मलीस तेव्हाची तुझी वार पुरलीय त्या बुंध्याशी, माझ्या हातानं. तिला लागलं म्हणजे तुला लागलं.”

“मग वाऱ्याला दम देऊ?”

“दे की. तोंड काय कमी आहे?” आत्याने साल टोपलीत भिरकावली. “आणि नाही गेलीस नैरोबीला, तर इथे काय उपाशी मरतेस?”

नाबुकेन्याने कोयता भिंतीशी टेकवला.

तीनला मुलाखत सुरू झाली आणि पहिल्याच प्रश्नाला चित्र दोनदा गोठलं.

“पुन्हा तुटलं तर पुढच्या मुलीला घ्यावं लागेल,” पडद्यावरच्या बाई म्हणाल्या.

बाहेर वारा वाढला. पत्रे कडकडले, दार आपटलं. नाबुकेन्याची बोटं स्टुलाच्या कडेवर घट्ट आवळली. पण चित्र आता गोठलं नाही. दुसरा प्रश्न झाला, तिसरा झाला. ती धडाधड उत्तरं देत गेली, हातवारेसुद्धा करू लागली. आणि बोलता बोलता तिची नजर खिडकीबाहेर गेली.

आत्या पाटावर चढली होती. केळीची सगळी पानं वर गोळा करून तिने आपल्या पायघोळ गोमेसी झग्याच्या कमरपट्ट्याने बांधली होती. त्या पट्ट्याशिवाय ती शेजारणीलाही दार उघडत नसे. गाठ सुटत होती, म्हणून दोन्ही हातांनी केळीला कवटाळून, गाल बुंध्याला लावून ती उभी होती. डोळे मिटलेले.

“घरापासून इतकं लांब राहायला जमेल तुला?” बाईंनी विचारलं.

नाबुकेन्याचे ओठ उघडे राहिले.

“हॅलो? आवाज तुटतोय का?”

“नाही, मॅडम,” ती कशीबशी म्हणाली. “अगदी स्पष्ट येतोय.”