चौथ्या मजल्यावरची सासू

तान युएझेनने शिडीवर उभं राहून पाटीचा शेवटचा स्क्रू पिळला. तो गंजला होता, फिरता फिरेना. खाली बांबूच्या खुर्च्यांवर नाकात नळ्या घालून बसलेली मंडळी सल्ले देत होती.

"ताई, थोडं तेल सोड."

"तेल कशाला? सरळ उपट. भिंत काय सरकारची आहे?"

"अजून तरी नाही," ख्वांग दहौ म्हणाला आणि हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली.

ही सगळी माणसं तरुणपणी समुद्राकाठच्या शहरात खडक फोडायला गेली होती. त्यांनी फोडलेल्या खडकावर मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या. ही मात्र छातीत धूळ घेऊन हूनानच्या डोंगरात परत आली आणि कायमची बसली. युएझेनचा नवरा त्यांच्यातलाच. प्राणवायूचं पहिलं यंत्र तिने त्याच्यासाठी घेतलं होतं. तो गेल्यावर ते विकायला म्हणून दारात काढून ठेवलं, तर शेजारचा ख्वांग येऊन नळी लावून बसला. दुसऱ्या दिवशी तो आणखी एकाला घेऊन आला. हळूहळू यंत्रं वाढली, पशुखाद्याचं एक बंद दुकान भाड्याने घेतलं, पाटी लागली.

पण संस्था म्हटली की नोंदणी हवी, आणि नोंदणीसाठी डोक्यावर एक सरकारी कचेरी हवी. अशा कचेरीला इथे सगळे सासू म्हणतात. सासू हो म्हणाली तरच सून घरात. युएझेन सासू शोधत खूप हिंडली. आरोग्य खात्याने तिला श्रम खात्याकडे धाडलं, श्रम खात्याने अपंग कल्याणवाल्यांकडे, त्यांनी चहा पाजून पुन्हा आरोग्याकडे. ही सून कुणालाच नको होती, कारण पाटीवर 'कामगार हक्क' असे दोन शब्द होते. शेवटी तंबी आली: सासू आणा, नाहीतर संस्था बेकायदा आणि यंत्रं जप्त.

आणि अचानक सासू मिळाली. वॉर्ड कचेरीतले फू साहेब, युएझेनपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, गोड बोलणारे. त्यांनी स्वतः तिला बोलावून घेतलं.

"नाव तेवढं बदलू. 'उबदार आरोग्य कक्ष'. कसं वाटतं?"

"चांगलं आहे," युएझेन म्हणाली.

"आणि जागा आमच्याच इमारतीत, फुकट. चौथा मजला, भरपूर उजेड."

"लिफ्ट?"

"मंजूर झाली की होईल."

"साहेब, या माणसांना एक जिना चढवत नाही. खालच्या मजल्यावर एखादी खोली..."

"खाली अर्जांच्या खिडक्या आहेत, ताई."

"मग यंत्रं घरोघरी वाटून टाकू द्या."

"असं कसं? संस्थेची मालमत्ता नोंदणीच्या जागीच राहते." त्यांनी तिच्या पेल्यात गरम पाणी ओतलं. "हे बघा, चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. आधी नीट नांदा तर खरं."

तिने सही केली. नाही म्हटलं असतं तर यंत्रं त्याच संध्याकाळी गेली असती. हो म्हटल्याने यंत्रं निदान गावात तरी राहणार होती. तिला राग आला नाही, रडूही आलं नाही. दातांच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर आपलाच गाल परका वाटतो, तसं काहीतरी तिला अंगभर झालं होतं.

जुनी पाटी उतरली, यंत्रं वर गेली. माणसं आपापल्या घरी बसून राहिली. युएझेन रोज सकाळी वर जाऊन खोली उघडायची, यंत्रांवरची धूळ पुसायची, संध्याकाळी कुलूप लावून उतरायची. कुणी विचारलं तर सांगायची, "चालू आहे."

मग जिल्ह्याहून पाहणी येणार असं कळलं. फू साहेबांना फोटो हवा होता: कक्ष, यंत्र, रुग्ण.

"एक जरी आला तरी चालेल," ते म्हणाले. "पण हसरा हवा."

ख्वांग तयार झाला. "दहा मिनिटं तर दहा मिनिटं," तो म्हणाला, "नळी तर मिळेल." कचेरीच्या रखवालदाराने कंबर दाखवून हात वर केले. बाकीच्यांना स्वतःचंच ओझं पेलत नव्हतं. युएझेन जिन्यापाशी वाकली आणि तिने ख्वांगला पाठीवर घेतलं. एके काळी दोन्ही खांद्यांवर सुरुंगाची भोकं पाडायची यंत्रं वाहणारा माणूस, पण तिला मध्ये कुठे थांबावं लागलं नाही.

वर सगळं ठरल्याप्रमाणे पार पडलं. पाहुण्यांनी विचारलं, "इथे बरं वाटतं ना?" बोलायला ख्वांगपाशी दम नव्हता, त्याने मान हलवली आणि हसला. फोटो चांगला आला. पाहुणे दोन्ही हातांनी युएझेनचा हात दाबून जेवायला गेले. कुणीतरी यंत्र बंद केलं.

उतरताना फू साहेब मागोमाग होते. ते खुशीत होते, आणि त्यांना तिची खरोखरच काळजी वाटत असावी.

"ताई, कमरेला जपा हं. पुढच्या महिन्यात प्रांतातले लोक येणार आहेत. तेव्हा कुणीतरी हलका बघा."

"हेच येतील," युएझेन म्हणाली. पायऱ्यांवरची नजर तिने उचलली नाही. "तोवर हलके होतील."

बाजारात मुळ्याचा भाव सांगावा तशा आवाजात ती हे बोलली. दोन पायऱ्या उतरल्यावर तिला कळलं की ख्वांग आपल्या पाठीवरच आहे आणि त्याचं तोंड आपल्या कानाशी आहे. तिचा पाय थांबला.

ख्वांगने फक्त तिच्या गळ्याभोवतीचे हात जरा सैल केले, तिला नीट श्वास घेता यावा म्हणून.