फुंकरदादांचा उजवा हात

नर्सिंग कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्सच्या दुकानाचा ओटा होता. प्रवेशाच्या पहिल्या सोमवारी त्या ओट्यापुढे जी रांग लागायची, तेवढी कॉलेजच्या खिडकीवरही लागत नसे. रांगेत नव्या मुली, त्यांच्या आया, एखाददुसरा बाप. सगळ्या मुलींनी एक बाही कोपरापर्यंत दुमडलेली आणि तो हात समोर धरलेला, जणू हातावर पाण्याचा थेंब आहे आणि तो सांडायचा नाही.

ओट्यावर फुंकरदादा बसत. गोरेपान, गुबगुबीत, अंगात पांढरा झब्बा. मुलगी पुढे आली की ते तिचा हात धरत, डोळे मिटत आणि बोलायला लागत.

"भिऊ नको बाळ. हे टेंगूळ नाही, आत दडलेला रोग आहे. सुईला घाबरून वर आलाय. आता तो तुझ्याकडे राहणार नाही, माझ्याकडे येणार."

मग एक लांब फुंकर. मुलीच्या हातावर बघावं तर टेंगूळ गायब. दादा मात्र छाती धरून खोकत. "आला," ते खोकता खोकता म्हणत, "आला माझ्यात." आया पदराने डोळे पुसत. परक्याच्या लेकीसाठी कोण एवढं सोसतं?

समोर, कॉलेजच्या आरोग्यखोलीच्या खिडकीत, मुलींना सुया टोचणारी कॉलेजची नर्स उभी राहून हे सगळं बघत होती. मुलींनी तिचं नाव टोचणबाई ठेवलं होतं, आणि ते तिला माहीत होतं. नर्सिंगला प्रवेश घेणाऱ्या मुलीला एक लांबलचक आरोग्य-अर्ज भरावा लागतो. गोवर, कांजिण्या, धनुर्वात, काविळीच्या लशीचे तीन डोस, या सगळ्यांच्या तारखा. आजाऱ्यांच्या उशाशी उभं राहायचं, तर आपण त्यांचं दुखणं घ्यायचं नाही आणि आपलं त्यांना द्यायचं नाही, एवढाच त्या अर्जाचा अर्थ. अर्जात शेवटचा चौकोन क्षयाच्या चाचणीचा. हाताच्या कातडीत औषधाचा एक थेंब टोचायचा आणि दोन दिवसांनी येऊन तो हात दाखवायचा. तिथे सूज किती आली ते पट्टीने मोजून चौकोनात लिहायचं.

घोळ इथेच होता. टोचल्या टोचल्या कातडीवर वाटाण्याएवढा फुगवटा येतो. हाच चाचणीचा निकाल, अशी सगळ्यांची समजूत. फुगवटा गेला म्हणजे पोरगी पास. मग दोन दिवसांनी परत कोण येतंय? दादांचा मेहुणा कधीकाळी एका दवाखान्यात कंपाउंडर होता. तो शेजारी बसून अर्जावर "सूज शून्य" लिहायचा आणि झोकात सही ठोकायचा. कारकून ती चालवून घ्यायचा आणि प्राचार्यबाई त्याकडे काणाडोळा करायच्या.

टोचणबाईने ही नोकरी पगारासाठी घेतली नव्हती. मोठ्या हॉस्पिटलातली चांगली जागा सोडून ती इथे आली, ती या ओट्यासाठी.

सहा वर्षांपूर्वी तिची धाकटी बहीण याच कॉलेजात शिकायला आली होती. थोरली तेव्हा दूर नोकरीला. आईने धाकटीला ओट्यावर नेलं, दादांनी फुंकर मारली, मेहुण्याने शून्य लिहिलं. दुसऱ्या दिवशी हात सुजला. आई घाबरून पुन्हा ओट्यावर गेली, तर दादा म्हणाले, "रोग जातोय तो. कुणाला दाखवू नका, दाखवलात तर आत वळेल." आईने पोरीला लांब बाह्या घालायला लावल्या. तेव्हा दाखवला असता, तर छातीचा फोटो निघाला असता, काही महिने गोळ्या, आणि पोरगी आज वॉर्डात हुकूम सोडत फिरली असती. वर्षभराने क्षय मेंदूत गेला. एकोणीस दिवस तिने कुणाला ओळखलं नाही, आणि मग ती गेली. भेटायला आलेले दादा दारातच म्हणाले, "पथ्य मोडलं असणार तिने." आईने ते खरं मानलं. मेलेल्या पोरीवर ठपका ठेवून तो माणूस चपला घालून निघून गेला, हे टोचणबाई विसरली नव्हती. तिला न्याय वगैरे नको होता. तिला दादांना रडकुंडीला आलेलं बघायचं होतं.

गेल्या वर्षी ती भांडली होती. पालकांना तिने तासभर समजावलं, आणि पालकांनी तिच्याविरुद्ध तक्रार दिली. यंदा ती गोड झाली.

यंदाच्या रांगेत शिंपीकाकांची मुलगी होती. काडीसारखी, डोळे खोल गेलेले, तीन आठवडे खोकतेय. सकाळी तिला टोचतानाच टोचणबाईला संशय आला होता. गुरुवारी तिची रवानगी बाळंतिणींच्या वॉर्डात व्हायची होती, दोन दोन दिवसांच्या बाळांमध्ये.

"काका, बुधवारी हिला घेऊन याच," तिने सांगितलं होतं.

"कशाला? दादा काढतात की आजच," शिंपीकाका म्हणाले. "माझी एकुलती एक आहे बाई. तुमच्यापेक्षा काळजी मलाच जास्त."

दुपारी टोचणबाई रस्ता ओलांडून ओट्यापुढे आली. हात जोडून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दादा, माझं गेल्या वर्षी चुकलं. तुम्ही मुलींसाठी एवढं करता, पण चमत्कार तुमच्या स्वतःच्या हातावर कुणी पाहिलाच नाही. हॉलमध्ये चला. सगळ्यांसमोर होऊन जाऊ दे."

मेहुण्याने डोळे मोठे केले. पण दादांना एवढी गर्दी आणि वर व्यासपीठ, मोह कसा आवरणार?

"अज्ञान गेलं हे बरं झालं," दादा म्हणाले. "चला."

हॉल भरला. टोचणबाईने आधी सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या, आणि पहिल्या रांगा मोकळ्या ठेवल्या. मागच्या बाजूला तिची आई बसली होती. दादांचा कार्यक्रम म्हटल्यावर ती येणार, हे तिला पक्कं माहीत होतं.

"दादांच्या उजव्या हातात मुलींना देते तेच औषध देते," टोचणबाई म्हणाली. "डाव्या हातात नुसतं मिठाचं पाणी. चालेल ना दादा?"

"चालेल की. विष दिलंस तरी पचवीन."

दोन्ही हातांवर दोन सारखे फुगवटे आले. "फुंकर फक्त उजव्यावर मारा. डाव्याकडे बघायचंही नाही." दादांनी उजव्यावर फुंकर मारली, एक नाही, पाच. मग प्रवचन, मग खोकला. अर्ध्या तासाने उजवा फुगवटा गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर टोचणबाईने डावा हात वर धरला. तोही सपाट.

 दादा मात्र तयार होते. "शक्ती सगळ्या अंगात असते ताई. एका हाताला अडवून अडत नाही."

टाळ्या दुप्पट झाल्या. टोचणबाईने दुसऱ्या वर्षाच्या सहा मुलींना उभं केलं. त्यांना तिने त्यांच्या संमतीने सकाळी सातला मिठाचं पाणी टोचलं होतं. साडेसातच्या आत सगळ्यांचे फुगवटे गेले.

"दादा, सकाळी सातला तुम्ही कुठे होता?"

"झोपले होते," मेहुणा पटकन बोलून गेला, आणि दादांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

थोडी खसखस पिकली, पण शिंपीकाका हसले नाहीत. ते विचारात पडले. ओट्यावर सकाळी त्यांच्या पोरीचा फुगवटा बसेना, तेव्हा दादा म्हणाले होते, पाणी पिऊन ये आणि रांगेत शेवटी उभी राहा. परत नंबर लागेपर्यंत तो आपोआप बसला होता.

"आता बुधवारी याच वेळी," टोचणबाई म्हणाली.

"बुधवारची काही गरज नाही," दादा म्हणाले.

"नाहीच. पण दादा घाबरले, असं उगाच कुणी म्हणायला नको."

बुधवारी हॉल सोमवारपेक्षा भरला, आणि दादा आले नाहीत. मेहुणा निरोप घेऊन आला की दादांनी मौन धरलंय. शिंपीकाका उठले. "बोलायचं कुठंय? हातच दाखवायचाय," म्हणाले आणि चालू लागले. अर्ध्या तासाने ते दादांना घेऊन आले. बाहेर उन्हाने अंग भाजत होतं, आणि दादांच्या झब्ब्याची उजवी बाही मनगटापर्यंत बंद होती.

"हा झब्बा मीच शिवलाय," शिंपीकाका सगळ्यांसमोर म्हणाले. "बाही चांगली ऐसपैस ठेवली होती. आता ती कोपराखाली तटतटलीय. दादा, आत काय बांधलंय?"

"रोग बाहेर पडतोय तो," दादांचं मौन सुटलं. "कुणाला दाखवला तर आत वळेल."

मागच्या बाजूला खुर्ची सरकल्याचा आवाज आला. टोचणबाईने तिकडे पाहिलं नाही.

"दाखवू नका मग," ती थंडपणे म्हणाली. "मेहुणे लिहितील शून्य. या हो, करा सही, हात न बघता. नेहमी करता तशी."

मेहुणा जागचा हलला नाही. सगळा हॉल बघत होता. दादांनी लोकांकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. दारात शिंपीकाका उभे होते. शेवटी त्यांनी स्वतःच गुंडी काढली आणि खालची पट्टी सोडली.

उजव्या हातावर लालभडक, टणक, सुपारीएवढी सूज होती. डावा हात स्वच्छ.

"मारा फुंकर," टोचणबाई म्हणाली.

दादांनी फुंकर मारली. काही झालं नाही. पुन्हा मारली. गाल फुगले, कपाळावर घाम आला, आणि खोकल्याची उबळ आली ती थांबेचना. या वेळी कुणी पदराने डोळे पुसले नाहीत. टोचणबाईने पट्टी लावली आणि मोठ्याने वाचलं, "अठरा मिलिमीटर." तिला आनंद झाला. अगदी पोटातून, आसुरी म्हणावा असा झाला, आणि त्याची तिला जराही लाज वाटली नाही.

"ताई," दादा हळूच म्हणाले, "आत जाऊन बोलू."

"आत नाही. इथेच."

तेवढ्यात तिची आई मधल्या वाटेने पुढे आली. म्हातारीचा आवाज स्पष्ट होता.

"माझ्या मुलीने पथ्य मोडलं म्हणालात," ती म्हणाली. "तिचा हात असाच सुजला होता. मी बाही ओढून झाकला, तुमच्या सांगण्यावरून. तुम्ही कोणतं पथ्य मोडलंत?"

 आई उत्तराची वाट बघत तिथेच उभी राहिली. एवढा वेळ उभी राहिली की शेवटी दादा खाली बसले, गुडघ्यात डोकं घालून. टोचणबाईने आईला धरून खुर्चीवर बसवलं, आणि मग ती लोकांकडे वळली.

"नीट ऐका, एकदाच सांगते. टोचल्यावर येतो तो फुगवटा म्हणजे कातडीत साठलेलं पाणी. ते अंगात जिरतं. फुंकर मारा, गाणं म्हणा, शिव्या द्या, अर्ध्या तासात जिरतंच. दादांचं औषध म्हणजे तुमची ती लांब रांग. खरी सूज दोन दिवसांनी येते, ज्याच्या अंगात जंतू शिरलेत त्याला. आली म्हणजे माणूस मेला असं नाही. पुढे फोटो काढायचा, थुंकी तपासायची, लागल्या तर गोळ्या घ्यायच्या. क्षय बरा होतो. झाकला तर होत नाही. यापुढे कुणी हातावर चमत्कार दाखवला, तर एवढंच विचारा, त्याने हात नसता लावला तर काय झालं असतं?"

शिंपीकाकांनी पोरीला पुढे आणलं. तिने बाही वर केली. सोळा मिलिमीटर. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. पण दुसऱ्या दिवशी फोटो निघाला, थुंकीत जंतू सापडले, आणि गोळ्या सुरू झाल्या. पोरीचं वर्ष गेलं, आणि बाळंतिणींच्या वॉर्डातली बाळं वाचली. पुढच्या वर्षी ती येईल, वजन वाढवून. कारकुनाने मेहुण्याच्या सहीचे सगळे अर्ज परत केले, आणि टोचणबाईने त्या मुलींना पुन्हा टोचलं.

फोटो दादांचाही निघाला. छातीत डाग होता, जुना आणि चांगला ऐसपैस. बारा वर्षं ते मुलींच्या तोंडापुढे तोंड नेऊन खोकत होते. कुणाचा रोग कुणाकडे जात होता, हे देवाला नाही, त्या फोटोला माहीत होतं. टोचणबाईने दादांच्या मेहुण्यासकट सगळ्या घराला तपासायला लावलं.

दादांना सहा महिन्यांच्या गोळ्या लागल्या, रोज कुणाच्या तरी समोर गिळायच्या. ते काम टोचणबाईने मागून घेतलं. तोंडाला मास्क लावून दादा सकाळी आठ वाजता कॉलेजच्या फाटकाबाहेरच्या बाकावर येऊन बसत, बरोबर त्या ओट्यासमोर. जाणाऱ्या-येणाऱ्या मुली बघत. काही थांबूनही बघत. टोचणबाई गोळ्या तळहातावर ठेवायची, पाणी द्यायची, आणि गिळल्यावर तोंड उघडून दाखवायला लावायची. एकही दिवस तिने चुकवला नाही.

दुसऱ्या महिन्यात खोकला कमी झाला. दादांनी एकदा मास्क सारखा करत विचारलं, "ताई, तुमच्या बहिणीचं मला कळलं. मग मला का वाचवताय?"

"तुम्ही मेलात, तर लोक म्हणतील, आमचे रोग घेऊन गेले," टोचणबाई म्हणाली. "तुमची समाधी बांधतील. ते नाही चालणार. तुम्ही बरं व्हायचं, दादा. गोळ्यांनी, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. उघडा तोंड."