मागवलेलं पान

पिवळ्या चिठ्ठीवरचं ते अक्षर शून्य होतं की इंग्रजी ओ, हे दामिनीला अजून ठरवता येत नव्हतं... प्रीतमने स्वतःच्या हाताने उतरवून दिलेली बत्तीस अक्षरांची चावी, एका ऑनलाइन सेवेत शिरण्याची, मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली — आणि हाताने का लिहायची, मेसेज करता आला नसता? की मेसेजची नोंद राहते म्हणून? दोनदा टाकली, दोनदा लाल ओळ आली : चावी चुकीची आहे. तिसऱ्यांदा तिने शून्य टाकलं. लाल ओळ आली नाही.

सकाळपासून ती हेच शिकत होती. वेबसाइटवरचा मजकूर गोळा करून आणणारी एक सेवा ऑफिसने घेतली होती, आणि तिच्याकडून काम करून घ्यायला ही लायब्ररी, म्हणजे आयता लिहून ठेवलेला कोड : एका ओळीत संगणकावर उतरवायची, चावी द्यायची, मग पानाचा पत्ता. ती आपल्या वतीने तिथे जाते, जाहिराती, चित्रं, रंग सगळं गाळते आणि नुसते शब्द समोर आणून ठेवते. आपण तिथे गेलोच नव्हतो, असं. हे दामिनीला आवडलं होतं, आणि आवडलं म्हणूनच खटकलंही होतं.

"चालू झालं का मॅडम?" प्रीतम मागे येऊन उभा राहिला. धंतोलीतल्या या दोन खोल्यांच्या ऑफिसचा मालक, तिच्याहून दहा वर्षांनी लहान. बाहेरगावाहून इथल्या दवाखान्यांत येणाऱ्या पेशंटांसाठी ॲप बनवत होता. "आता हे पत्ते टाका. किडनीच्या पेशंटांचे फोरम आहेत. लोक काय विचारून राहिले, ते पाहू."

"लोकांनी आपसांत लिहिलेलं... घेतलेलं चालतं?"

"उघडंच आहे ना सगळं. नावं आपल्याले कुठं पाहिजेत?" मग जाता जाता म्हणाला, "तुमच्या घरचाच विषय आहे, म्हणून तुमच्याकडे दिलं."

घरचाच. तिचा धाकटा भाऊ श्रावण कळमेश्वरहून आठवड्यातून दोनदा डायलिसिसला येत असे, इथून चार इमारती सोडून; त्या दिवशी प्रीतम तिला तासभर सोडायचा, कधी कुरकुर केली नाही. का केली नाही? तिने यादीवरून नजर फिरवली. पाच पत्ते. चौथा तिने पुन्हा वाचला.

तीन वर्षांपूर्वी, मुलगी झोपल्यावर, 'एक बहीण' या नावाने तिने तिथे एकदाच लिहिलं होतं. तिची किडनी श्रावणला जुळत होती. डॉक्टरांनी तिला एकटीला बसवून विचारलं होतं, मनापासून तयार आहात का, आणि ती खाली बघत राहिली होती... मग त्यांनीच म्हटलं, घरी आम्ही एवढंच सांगू, की जुळत नाही. घरी तेवढंच सांगितलं गेलं. श्रावण म्हणाला होता, "जाऊ दे वं ताई, नशीब." फोरमवर तिने हे सगळं लिहून विचारलं होतं, माझी मुलगी लहान आहे, मी वाईट आहे का? — आणि लगेच बाहेर पडून पासवर्ड विसरून गेली होती. उत्तरं वाचायला ती कधीच परतली नाही.

प्रीतमला ठाऊक असेल? कामावर घेतानाच ठाऊक होतं? पत्ता खोडावा, पाचाचे चार करावेत... पण मग तो विचारेल, चौथा काहून गाळला? तिने पत्ता टाकला.

शब्द आले. आपलेच, पण उघडे, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. खाली अकरा उत्तरं. देवावर सोडा; स्वार्थी आहात; मुलीकडे बघा. शेवटचं गेल्या वर्षीचं, नावाच्या जागी नुसतं 'पेशंट' —

"ताई, मी तुह्या भावाच्या जागी आहो. माह्या बहिणीनंबी जुळत नाही असंच सांगतलं. मले माहीत आहे. तिची पोरगी लहान आहे, मी असतो त मीबी हेच केलं असतं. ती जवळ येऊन बसते तवा मी झोपल्यावानी करतो, तिले बोलणं भाग पडू नये म्हणून."

तिने ते तीनदा वाचलं. आज श्रावणचा डायलिसिसचा दिवस होता; ती संगणक तसाच सोडून उठली.

डायलिसिसच्या खोलीत मशिनांची एकसुरी घरघर होती. श्रावण डोळे मिटून पडला होता, नेहमीसारखाच. नेहमीसारखाच! किती वेळा ती मनात म्हणाली होती, बरं झालं झोपलाय. ती स्टुलावर बसली आणि त्याच्या पापण्या बघत राहिली. एक हलली का? झोपेतही हलतात. "श्रावण," ती अगदी हळू म्हणाली.

त्याचा श्वास संथ होता — जरा जास्तच संथ?

तीन वर्षं तिने याच चेहऱ्यावर एक गोष्ट शोधली होती, याला कळलंय का, आणि ती सापडेल म्हणून घाबरली होती. आताही तेच शोधत होती, आणि आताही घाबरली होती... पण भीती उलटी फिरली होती, आता ती न सापडण्याची. असे भाऊ या शहरात किती असतील, अशा स्टुलांवर बसलेल्या बहिणी किती. ते उत्तर लिहिणारा कुणी दुसराच असला तर? हा खरंच झोपलेला असला तर?