शेवटचं वाक्य सोडून

मालक गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर रकानेच्या रकाने लिहिले. ओहायोतून एका पिशवीनिशी आलेला माणूस, नाटकं स्वतः लिहिणारा, स्वतः बसवणारा, स्वतःच उभी करणारा, पंचवीस वर्षं ब्रॉडवेवर ज्याच्या नावाच्या पाट्या लागल्या तो ऑरिन टॅलमॅज. हे सगळं खरं आहे. एका शहाण्याने मात्र ते स्वभावाने मऊ होते असंही छापलं. त्या शहाण्याने एक दिवस आमच्या तालमीला येऊन बसायला हवं होतं. नटाने शब्द गिळला की मालक डोक्यावरची टोपी जमिनीवर आपटायचे. दुसऱ्याने गिळला की शेजारच्याची टोपी घ्यायचे. मऊ म्हणे.

पण माझ्यापुरतं विचाराल तर त्या माणसाचे माझ्यावर फार उपकार आहेत, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

मी डेलिया फोगर्टी. एके काळी नटी होते, बरी होते. सव्विसाव्या वर्षी दौऱ्यावर असताना पिट्सबर्गला घसा धरला आणि आवाज गेला तो गेलाच. जो परत आला तो घोगरा, फाटका, चौथ्या रांगेच्या पुढे न जाणारा. एकेक कंपनी मला भेटायचं टाळू लागली. मालकांकडे मी कपडे शिवायचं काम मागायला गेले होते. त्यांनी मला दोन वाक्यं म्हणायला लावली आणि म्हणाले, बोलणाऱ्या बायका मला ढिगाने मिळतात, ऐकणारी मिळत नाही, उद्यापासून विंगेत बस आणि पुस्तक धर. प्रॉम्प्टरचा आवाज नटापर्यंत जावा आणि प्रेक्षकांपर्यंत जाऊ नये, एवढंच त्या कामात लागतं. माझा नेमका तेवढाच उरला होता. जो आवाज सगळ्यांनी टाकला तो या माणसाला कामाचा वाटला.

आता आमच्या लोकांची एक रीत सांगते. नाटकाचं शेवटचं वाक्य तालमीत म्हणायचं नाही. पहिल्या प्रयोगाला, भरल्या थिएटरात, तेव्हाच ते पहिल्यांदा तोंडातून काढायचं. आधी म्हटलं तर नाटक पडतं. पुष्कळ जण ही रीत पाळायचे, पण मालकांइतकी कडक कोणी नाही. आमच्याकडे शेवटच्या वाक्याची जागा आली की नट गप्प राहायचा, मालक मनात चार आकडे मोजून टाळी वाजवायचे, आणि आमचा पडदेवाला जेब पडदा सोडायचा. महिनाभर रोज. एकोणीसशे सहा साली बास्कम नावाच्या नटाने घोळात ते वाक्य म्हणून टाकलं, मालकांनी त्याला त्याच दुपारी घरी पाठवलं, आणि नाटक खरंच चार दिवसांत उतरलं. त्यानंतर बास्कमला कोणी उभं केलं नाही. तो ओमाहाला विमा विकतो असं कानावर आलं.

मी सांगतेय ते एकोणीसशे अकरा सालचं. मालकांची लागोपाठ तीन नाटकं पडली होती. थिएटरवाल्यांनी त्यांना साफ सांगितलं होतं की नवं नाटक आधी न्यू हेवन गावी चाललं तरच न्यूयॉर्कला जागा, नाहीतर विषय संपला. मालक मला म्हणाले होते की पडलं तर आपण ओहायोला जाऊन भावाच्या धान्याच्या दुकानात बसणार. मी त्यांना तागडी हातात घेतलेलं डोळ्यांपुढे आणून पाहिलं आणि मला हसू आलं नाही. ते गेले असते तर माझंही काम गेलं असतं, कारण दुसऱ्या कोणाला फाटक्या आवाजाची बाई कशाला हवी होती?

नाटक साधं होतं. नवरा वीस वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला असतो, तो एक दिवस दारात येऊन उभा राहतो. तीन अंक बायको त्याच्याशी भांडते. शेवटी काही न बोलता फडताळातून ताट काढते, त्याच्यापुढे ठेवते, आणि मग म्हणते, "तू गेलास त्याच दिवशी मी तुला माफ केलं होतं." पडदा. कागदावर वाचताना डोळ्यांत पाणी यायचं. टंकलेखन मीच केलं होतं, आणि त्या पानावर मीही रडले होते.

न्यू हेवनला निघायच्या आदल्या रविवारी मी राहायचे त्या मिसेस क्राउजच्या खानावळीच्या स्वयंपाकघरात होते. ट्रॉम्बोन वाजवणारे म्हातारे लिंडक्विस्ट नेहमीसारखे उशिरा आले. त्यांच्यासाठी झाकून ठेवलेले बटाटे आणि मांस मी ताटात घातलं, ताट त्यांच्यापुढे ठेवलं, आणि का कोण जाणे, माझ्या तोंडून ते वाक्य गेलं. लिंडक्विस्टनी काटा खाली ठेवला आणि आपण नक्की काय केलं म्हणून विचारलं. मी त्यांना जेवायला सांगितलं आणि तिथेच गार झाले. रीत मोडली म्हणून नव्हे, ते नंतर आठवलं. वाक्य खोटं वाटलं म्हणून. ताट ठेवलं तेव्हाच सगळं बोलून झालं होतं. मग मी ते पुन्हा म्हटलं, हळू म्हटलं, रागाने म्हटलं, पाठ फिरवून म्हटलं. दर वेळी तेच. आणि हे दुसऱ्या कोणाला कळायचा मार्गच नव्हता, कारण ते वाक्य कोणी म्हणणारच नव्हतं.

सोमवारी दुपारी न्यू हेवनच्या थिएटरात सुतार सेट ठोकत होते. मालक रंगमंचावर एकटे उभे होते. मी जाऊन म्हटलं, "मालक, शेवटचं वाक्य काढा."

"का?"

"ती ताट ठेवते ना, तिथेच नाटक संपतं. पुढे बोलली की लोक घरी जायला टोप्या शोधायला लागतील."

"हे तुला कागदावर बघून कळलं?"

हो म्हटलं असतं तर सुटले असते. पण मग त्यांनी तुला कागदावरचं काय कळतं म्हणून मला उडवून लावलं असतं.

"नाही. म्हणून बघितलं."

ते सेटवरच्या खुर्चीत बसले. "किती वेळा?"

"सात."

"सात. एकदा म्हणून भागलं नाही होय तुझं?"

"एकदा म्हटल्यावर वाटलं, माझंच काहीतरी चुकत असेल."

"बास्कमला मी याच गोष्टीसाठी हाकललं. त्याला दोन पोरं होती."

"माहितीये मला."

"मग माझ्याकडून पुन्हा तेच का करवून घेतेस, डेलिया?"

टोपी त्यांच्या हातात होती. त्यांनी ती आपटली नाही, आणि मला त्याचीच भीती वाटली. संध्याकाळी विंगेत दिसू नकोस, एवढंच म्हणाले आणि सुतारांवर ओरडायला गेले.

सकाळच्या पहिल्या गाडीने परत जायचं मी ठरवलं. पण संध्याकाळ तर काढायची होती. मी वरच्या सज्जाचं तिकीट काढलं आणि कॉलेजच्या पोरांमध्ये जाऊन बसले. न्यू हेवनची ती पोरं म्हणजे आमच्या धंद्याचा काळ. शेंगदाणे खातात, टरफलं खालच्या लोकांवर टाकतात आणि कंटाळली की सुरात जांभया देतात. पहिल्या अंकात दोन जांभया झाल्या. दुसऱ्यात एकही नाही. तिसऱ्यात माझ्या शेजारच्याने हातातला शेंगदाणा सोलायचा थांबवला.

बायकोचं काम मिसेस व्हेनिंगकडे होतं. बाई अंगाने आणि नावाने मोठी, आणि बत्तीस वर्षांत आपण एकदाही प्रॉम्प्ट घेतला नाही हे भेटेल त्याला सांगणारी. तिने ताट काढलं. नवऱ्यापुढे ठेवलं. त्याच्याकडे पाहिलं. आणि गप्प उभी राहिली.

मी अर्धी उठले. मालकांनी वाक्य काढलं, की बाई विसरली? बाईचा चेहरा मला एवढ्या लांबून दिसत नव्हता. विंगेत माझ्या खुर्चीवर सामानवाला बसवला होता, त्याला पान सापडेपर्यंत गाडी न्यूयॉर्कला पोचली असती. माझे ओठ आपोआप हलत होते आणि माझा आवाज चार रांगा जाणारा. त्या एका क्षणात मी देवाकडे माझा जुना आवाज मागितला. तोही, विचार करा, जे वाक्य काढा म्हणून मी नोकरी घालवली होती तेच ओरडून सांगायला.

पडदा पडला.

थिएटरात कोणी हललं नाही. मग माझ्या शेजारच्या पोराने नाक ओढलं, खाली कुठेतरी एक बाई हुंदका देऊन रडली, आणि टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. पोरं बाकांवर उभी राहून लेखकाला बाहेर बोलवा म्हणत होती. मी रडत होते. मालकांनी माझं ऐकलं होतं.

सकाळी स्टेशनवर मी बाकावर बसले होते, तेव्हा मालक आले. दाढी केलेली नव्हती. मी उठून म्हटलं, "तुम्ही वाक्य काढलंत. हाकललंत तरी चालेल, पण ऐकलंत त्याबद्दल आभार."

"मी काही काढलं नव्हतं," मालक म्हणाले. "बाई विसरली."

मी खाली बसले.

"महिनाभर ताट ठेवायचं, गप्प राहायचं, पडदा. तिच्या अंगवळणी तेच पडलं. जेबच्याही. चार आकडे झाले आणि त्याने दोर सोडला. मी दोघांचा गळा धरायला खुर्च्यांमधल्या वाटेने धावत निघालो होतो. धावता धावता लोकांकडे बघितलं. एकाचाही हात टोपीकडे गेला नव्हता गं."

"बाईंना बोललात?"

"ती म्हणते मुद्दाम केलं. कलेसाठी. आता दोन वर्षं मला हे ऐकावं लागणार."

मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

"मी पंधरा नाटकं लिहिली," ते म्हणाले. "वाईट होतं तेव्हा सगळे मला छान म्हणाले, कारण सगळ्यांना उद्या काम हवं होतं. तुलाही हवं होतं. मी तुझ्या पोटावर पाय दिला आणि तू बरोबर होतीस. आभार मी मानायचे आहेत, डेलिया. चल आता, दहाला तालीम आहे."

त्यांच्या तोंडून आभार हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. माझी पिशवी त्यांनी उचलली आणि आम्ही थिएटरकडे निघालो.

ते नाटक न्यूयॉर्कला दोन हंगाम चाललं. मालकांनी रीत मोडली नाही, तालमीत शेवटच्या वाक्याच्या जागी टाळीच वाजायची. पण तालमी सुरू व्हायच्या आधी माझ्याकडे एक पाकीट यायचं. आत एक पान, खाली शेवटचं वाक्य, आणि वर लिहिलेलं असायचं, घरी म्हणून बघ. तेरा नाटकांची शेवटची वाक्यं या जगात पहिल्यांदा माझ्या आवाजात म्हटली गेली, मिसेस क्राउजच्या चुलीपाशी, लिंडक्विस्टांच्या साक्षीने. कुठल्या नटीच्या वाट्याला एवढं येतं? मी रोज रात्री झोपताना त्यांचं नाव घेते, आणि मी तशी देवभोळी नाही.

गेल्या वसंतात मालक डोंगरातल्या इस्पितळात होते. फुप्फुसं गेली होती. गच्चीवर, उन्हात, तीन घोंगड्यांत गुंडाळून त्यांना ठेवलेलं असायचं आणि मांडीवर नाटक लिहायची पाटी. मी गेले त्या दुपारी त्यांनी मला हातानेच पान दिलं. पाकीट नव्हतं. बोलायला त्यांना दम लागत होता, त्यांचा आवाज आता माझ्याहून फाटका झाला होता.

मी वाक्य तिथेच उभी राहून म्हटलं. एकदाच. एकदाच पुरे होतं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. मनगटं काटकीसारखी झाली होती. हे नाटक कुठल्याही थिएटरात उभं राहणार नव्हतं, हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि माझ्यामागे उभ्या असलेल्या नर्सलाही. छान आहे म्हटलं असतं तर कोणाचं काय बिघडलं असतं? ज्या माणसाने मला सगळं दिलं त्याला एक गोड शब्द द्यायला माझी जीभ आतुर झाली होती.

"काढा, मालक," मी म्हटलं. "त्याच्या आधीच संपलंय."

नर्सने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना मारलंच होतं. मालकांनी डोळे मिटले. मग हसले, खोकले, पुन्हा हसले.

"देवाची दया," ते म्हणाले. "मला वाटलं तू छान म्हणशील. मग मला कळलं असतं की मी संपलो."

त्यांनी पेन्सिल मागून घेतली आणि वाक्यावर स्वतःच्या हाताने रेघ मारली. मग मला खुर्ची ओढून बसायला सांगितलं आणि म्हणाले, दुसरा अंक वाच, तिथे काहीतरी चुकतंय, आणि माझ्याकडे वेळ कमी आहे.