एकट्याने कोरलेला बांध

मी एक जुना हद्दीचा दगड आहे. मित्रांनो, राज्ये आली, राज्ये गेली, पण मी जागचा हललो नाही. म्हणजे आपणहून हललो नाही.

कोरेगावजवळच्या टेकडीतून मला फोडून आणले आणि लालासाहेब व आकाराम यांच्या शेतांमधल्या बांधावर पुरले. तेव्हा बांधावरून बैलगाडी जायची. दसऱ्याला मला शेंदूर मिळायचा. पुढे दर नांगरटीला दोघेही आपापल्या बाजूने थोडा थोडा बांध कोरू लागले, मलाही आलटूनपालटून सरकवू लागले. शेवटी शेळीसुद्धा तिथून जपून चालू लागली. बांध समोरच्यानेच कोरला, याबद्दल मात्र दोघांनाही शंका नव्हती.

दुसऱ्या महायुद्धात त्यांचे मुलगे एकाच पलटणीत होते, इटलीत. लालासाहेबांच्या अर्जुनाला अक्षर येत नव्हते, आकारामच्या ज्ञानूला येत होते. म्हणून पत्र एकच यायचे, आकारामच्या नावाने. वरच्या अर्ध्यात ज्ञानूची खबर, खालच्या अर्ध्यात अर्जुनाची. मागच्या लढाईत एक कान गमावून आलेला कृष्णात माझ्यावर बसून ते वाचायचा आणि दोन्ही घरे दोन्ही बाजूंना उभी राहून ऐकायची.

चव्वेचाळीस साली पत्र आले ते ऐन नांगरटीत, भांडण पेटलेले असताना. ज्ञानू खुशाल आहे, इथवर वाचून होताच आकारामने कागद ओढून बंडीच्या खिशात घातला.

"खालचं त्येंचं हाय. आदी बांध कोरला म्हून कबूल करा, मग ऐका."

"म्या न्हाई कोरला," लालासाहेब म्हणाले.

अर्जुनाची आई राहीबाई पुढे आली. "आवं, पोरगं कसं हाय, येवढंच सांगा."

"तुज्या मालकाला इचार," आकाराम म्हणाला.

विषय बदलावा म्हणून कृष्णातने वर्तमानपत्र उघडले. ही लढाई एकट्या जर्मनीने पेटवली, असे त्यात होते. यावर दोघांचे ताबडतोब एकमत झाले.

"कुऱ्हाड त्यानंच उचलली, त्याला सोडू नगा," कृष्णात म्हणाला. "पर गेल्या खेपेलाबी सगळं त्याच्याच माथी मारून आमी घरला आलो. बांध कोन कोन कोरत हुतं, त्ये कुनी इचारलंच न्हाई."

"तुला एका कानानं काय ऐकू येतंय गड्या," लालासाहेब म्हणाले.

पत्र एकोणीस दिवस खिशात राहिले. विसाव्या दिवशी अर्जुना गेल्याची तार आली. तेव्हा आकारामची बायको अंबूबाई हिने खिशातले ते पत्र काढून कृष्णातच्या हातात दिले. खाली लिहिले होते: अर्जुना जखमी होऊन दवाखान्यात आहे. आईचे चार शब्द यावेत म्हणतो. लगेच पाठवा.

ते चार शब्द वेळेत पोचले असते की नाही, मला ठाऊक नाही. डाक लांबची.

गावाने सगळा दोष आकारामवर ठेवला. पत्र त्यानेच अडवले. त्यातून मी त्याला सोडवणार नाही. पण लालासाहेबांनी फक्त एक 'होय' म्हणायचे होते, आणि ते 'होय' खरेच ठरले असते. त्याची चौकशी कुणी केली नाही.

मित्रांनो, बांध जपा. आणि समोरच्याकडे बोट दाखवण्याआधी आपल्या नांगराचा फाळ एकदा बघा. बहुतेक वेळा त्यावरची माती ओलीच असते.

पुढच्या वर्षी लढाई संपली आणि सरकारी मोजणी झाली. साखळी धरून दोन्ही शेते मोजली. जमीन सगळी मिळून पूर्वी होती तेवढीच भरली.