आतलं आत, भायेरचं भायेर

भागूबाईच्या घरात राहुकाळाला पोलीसपाटलापेक्षा जास्त मान होता. नवरा असाच एका रविवारी, दिवस कलताना, ऐन राहुकाळात अर्धा चहा टाकून मोटारसायकलवर निघाला आणि घोडेगावच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला. तेव्हापासून बाईनं घराला दम भरला होता, "राहुकाळ लागला की आतलं आत, भायेरचं भायेर. उंबरा कुणी वलांडायचा न्हाई." तिला कॅलेंडर वाचता येत नव्हतं, म्हणून लेकानं, रामनाथनं, मोबाईलवर भोंगा लावला. लागताना वाजायचा, सुटताना वाजायचा. मधल्या वेळात आलेला पावणासुद्धा चपला घालून अंगणात तिष्ठायचा.

त्या रविवारी सून तेजस्विनी गवताचा भारा घेऊन दारात आली आणि आत भोंगा वाजला.

"हितंच टेकते, आत्या."

"टेकून काय राहूची आरती करनार? उसाकडंचं आनखी एक वझं काप तवर."

"उसात वाघाचा माग दिसलाय, आत्या."

"तालुक्यात तूच एक गोड हाईस व्हय त्याला? जा!"

ती गेली. बांधाला गवत कापायला वाकून बसली. बसलेलं माणूस बिबट्याला, म्हणजे इथल्या बोलीतल्या वाघाला, बकरीएवढंच दिसतं, हे या मळ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. किंकाळी आली तेव्हा भागूबाई तांदूळ निवडत होती. सूप उडालं. कोयता घेऊन ती पळाली; उंबरा कधी ओलांडला तिचं तिला कळलं नाही.

वाघानं खांद्याला धरून पोरीला अर्धी उसात ओढली होती. भागूबाईनं तिचा पाय धरला आणि दुसऱ्या हातानं कोयता घातला. पहिला घाव पाठीवरून घसरला. दुसरा नाकाडावर बसला, हाडाचा आवाज झाला. जनावर फिस्कारलं, बाईचा हात मनगटापर्यंत फाडला. "खा, रांडंच्या, मला खा!" म्हणत तिनं तिसरा घाव डोळ्यावर घातला. ऊस कडाकडा मोडत वाघ आत गेला.

भागूबाईनं सुनेला उचलून आणलं, तेव्हा अंगणात रामनाथची नवी पिकअप उभी होती. गळ्यात झेंडूचा हार, चाकाखाली लिंबं; राहुकाळ सुटला की पूजा, मग पहिली फेरी. रामनाथनं बायकोला मागं निजवलं आणि चावी मुठीत धरून तसाच उभा राहिला.

"काढ गाडी!"

"आई, भोंगा वाजला न्हाई अजून."

"काय?"

"आत्ता निघालो तर वाटंत जाईल गं ती. तात्या असंच गेलं ना? तूच सांगितलंस. जरा थांबू, रगात दाबून धरू..."

भागूबाईनं कोयत्याची मूठ त्याच्या तोंडावर हाणली. ओठ फाटला, दात अंगणात पडला. तरी तो हलेना. दुसरा तडाखा नव्या काचेवर बसला. काच फुटून आत सांडली.

"झाली तुझी पूजा! आता बसतोस का मुंडकं उडवू?"

रडत, रक्त गिळत त्यानं गाडी काढली. लिंबं फुटली. भागूबाई मागं बसली, आपला पदर सुनेच्या मानेच्या जखमेत कोंबून, तिचं डोकं मांडीवर दाबून. घोडेगावच्या अलीकडं रामनाथच्या खिशात भोंगा वाजला.

"सुटला," तो सवयीनं बोलून गेला.

बाईनं मागच्या खिडकीतून हात घालून मोबाईल उपसला आणि गाडीच्या पत्र्यावर आपटून आपटून त्याचा चुरा केला.

तेजस्विनी वाचली. कानापासून खांद्यापर्यंत टाके पडले, डावा हात वर जाईना. घरी आणलं तो नेमका रविवार, दिवस कललेला. भोंगा नव्हता, पण वेळ सगळ्यांच्या हाडात मुरलेली. पिकअपमधून उतरून ती दाराशी आली आणि थांबली.

"भायेरचं भायेर ना, आत्या?"

टोमणा नव्हता. डोळ्यात पाणीही नव्हतं.

"त्या दिशी तुमी मला मागं फिरवलं. ह्यांनी चावी धरून ठिवली. शुद्धीत व्हते मी, सगळं ऐकलं. मढ गावाला भाऊ हाय माझा. जाते तिकडं."

जिच्या जिभेला आख्खी वाडी टरकायची, ती भागूबाई तशीच वळली. ती आत गेली. बाहेर आली ती कुऱ्हाड घेऊन. रामनाथ दचकून बायकोपुढं उभा राहिला.

"सरक, उशिरा आलेल्या!"

पहिला घाव उंबऱ्यावर पडला. सागाचा, भागूबाईच्या सासऱ्याच्या हातचा, हळदीकुंकवानं काळा पडलेला उंबरा. ढलपी उडाली, बाईच्या कपाळाला लागली, रक्ताची धार नाकावर आली.

"आई, लक्ष्मी असती ती!"

"लक्ष्मी भायेर हुबी हाय, मुडद्या!"

जखमी हाताची शिवण उसवली तरी ती थांबली नाही. शेजारीपाजारी जमले, कुणाची पुढं व्हायची छाती होईना. खालची माती दिसेपर्यंत तिनं घाव घातले, मग उंबऱ्याचे तुकडे लाथेनं अंगणात उडवले.

"घे. वलांडायला काय ऱ्हायलंय?" तिला धाप लागली होती. "येतीस?"

तेजस्विनीनं त्या उघड्या मातीकडं बघितलं. मग सासूकडं न बघता, नवऱ्याकडं तर नाहीच नाही, ढलप्या तुडवत आत गेली आणि माठातलं पाणी प्यायली.

भागूबाई दारात कुऱ्हाडीला टेकून उभी होती. तिनं रामनाथला हाक मारली नाही. तो बाहेरच उभा होता.